मागचं गेट

भीमराज सोनकांबळेला राग यायला फार काही लागत नसे. कुणी नट नुसता हाताने फिरवून पाना पिशवीत टाकला, की त्याचं डोकं फिरायचं. 'चालतंय की' म्हणणाऱ्या माणसाशी तो दिवसभर बोलायचा नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी थेरगावातल्या त्याच्या दोन खोल्यांत प्रत्येक वस्तू कंपनीतल्या हत्यारासारखी जागेवर असे, आणि एखादी हलली की त्याची बायको कुसुम ऐकून घेई.

उदगीरकडून तो पंचविसाव्या वर्षी भोसरीत आला आणि एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला. पत्रा दाबून गाडीचे दरवाजे करायचं काम. पुढे मेंटेनन्स फिटर झाला. मशीन बिघडलं की बोलावणं त्यालाच. तेहेतीस वर्षं काढली आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आला. प्रेसमध्ये हात असेल तर मशीन चालू नये म्हणून एक स्विच असतो. उत्पादन कमी पडतंय म्हणून सुपरवायझरने तो तारेनं बांधून ठेवला होता. अपघाताच्या कागदावर लिहिलं होतं, 'कामगाराचा हलगर्जीपणा'. भीमराजने उरलेल्या तीन बोटांनी तो कागद परत सरकवला. सही केली नाही.

त्या कंपनीत दर सहा महिन्यांनी आगीची कवायत व्हायची. आदल्या दिवशी नोटीस लागायची. ठरल्या वेळी सगळे रमत-गमत बाहेर यायचे, झाडाखाली चहा तयार असायचा, आणि रजिस्टरात लिहिलं जायचं, दोन मिनिटं दहा सेकंद. भीमराज एकदा मीटिंगमध्ये उठून म्हणाला, "साहेब, ही कवायत नाही. चहाची सुट्टी आहे." पुढचे तीन महिने त्याने भंगार यार्डात काढले.

असा हा माणूस. त्याच्याकडे जानेवारीतल्या एका गुरुवारी त्याची भाची मैत्री आली. पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून सगळ्यांच्या भेटीगाठी त्याच दिवशी.

"मामा, नाचायचंय."

"नाच की. मला कशाला विचारतीस?"

"मला एकटीला नाही. अडीचशे जणांना."

मैत्री चाकणजवळच्या एका कारखान्यात होती. गाडीत लागणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम. लाइनवर तीनशे मुली, दहा जिल्ह्यांतून आलेल्या. आठ तास उभं राहायचं, वर ओव्हरटाइम, मग खोलीवर जाऊन झोपायचं. आठनंतर घरमालकीण दार लावते. वाकडकडच्या मॉलमध्ये नाचायला तिकीट आणि कपडे लागतात. मिरवणुकीत नाचावं तर कुणाचा हात कुठं लागेल सांगता येत नाही.

"दुपारी चार ते रात्री आठ," मैत्री म्हणाली. "तिकीट नाही, दारू नाही. पिणारा दिसला तर बाहेर, हात लावणारा दिसला तरी बाहेर. प्यायला पाणी. आठला ज्या-त्या खोलीपर्यंत सोडायला रिक्षावाले बोलून ठेवलेत."

"आणि मी काय करू? तुतारी वाजवू?"

"तू दारं बघ."

तिने 'दारं' का म्हटलं ते भीमराजला कळलं. गेल्या वर्षीचं त्याला माहीत होतं. लेबर ठेकेदाराने वर्धापनदिन म्हणून एका हॉलमध्ये डीजे लावला होता. पडद्यामागची वायर जळाली, धूर झाला. फुकटे घुसू नयेत म्हणून मागचं शटर बाहेरून कुलूप लावून बंद केलेलं. मैत्रीच्या बाजूला उभी राहून काम करणारी दिव्या, यवतमाळची, त्या शटरवर चेंगरली. कोपर मोडलं. अजून हात सरळ होत नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, "पळायला कुणी सांगितलं होतं?"

हे वाक्य मैत्रीने तेव्हा सांगितलं होतं. भीमराज ताटावरून उठला होता.

"करू," तो म्हणाला. "पण मी म्हणेन तसं."

"म्हणूनच आले."

जागा त्यानेच काढली. ज्योतीरामशेठचा एक प्रेस शॉप वर्षभर बंद पडला होता. मशीन विकलेली, रिकामं शेड. शेठच्या जुन्या दुरुस्त्या भीमराजच करायचा. शेठने चावी दिली आणि वर म्हणाला, "पोरी नाचवतोस होय रे म्हातारपणी?"

"पोरी नाचणारेत. मी दारं बघणारे," भीमराज म्हणाला आणि हसला नाही.

पोलिसांच्या परवानगीच्या अर्जावर 'जबाबदार व्यक्ती' अशी एक ओळ होती. तिथं त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. शेजारच्या वस्तीत घरोघर जाऊन वेळ सांगितली, आवाज किती असेल ते सांगितलं, आपला फोन नंबर दिला.

मग तीन गुरुवार काम. प्रेस शॉपच्या जमिनीत पत्र्याचा बारीक कीस रुतून बसतो. चप्पल भेदून पायात जातो. मैत्रीच्या कारखान्यातल्या मुलामुलींनी एकदा झाडून घेतलं आणि खराटे ठेवले. भीमराजने गुडघ्यावर बसून तळहात फिरवला आणि पुढे केला. तीन ठिकाणी रक्त.

"हे झाडणं आहे का? परत."

तीन वेळा झाडून घेतलं. चौथ्यांदा एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून त्याने स्वतः शेडभर ओढलं. मूठभर कीस निघाला. तो त्याने कागदावर ओतून सगळ्यांना दाखवला.

साउंडवाला समाधान. चाकणचाच. मैत्रीच्या ओळखीचा म्हणून फुकट यायला तयार झालेला. त्याच्या केबलला टेप गुंडाळलेला एक जोड दिसला. भीमराजने खिशातून कटर काढला आणि जोड कापून टाकला.

"अहो काका! दहा वर्षं हीच केबल वापरतोय मी."

"दहा वर्षं मेला नाहीस. त्यात तुझं काय कर्तृत्व?"

समाधानने नवी केबल आणली. बडबडत का होईना, आणली.

भांडण झालं ते कवायतीवरून. भीमराज म्हणाला, मधेच एकदा गाणं बंद करायचं. कुणाला आधी सांगायचं नाही. निम्मे पुढच्या दाराने, निम्मे मागच्या गेटाने, सगळे बाहेर. घड्याळ लावून.

"मामा, वेडा झालास का? वर्षातून एकदा नाचणार त्या. ऐन रंगात बंद?"

"ऐन रंगातच आग लागते."

"सुरुवातीला घे ना."

"सुरुवातीला सगळे शहाणे असतात."

"आधी सांगून घे."

"मग चहापण ठेव झाडाखाली."

मैत्री रडकुंडीला आली, मग चिडली. मामासारखीच चिडते ती, कपाळावर एक शीर उठते. "बरं. एकदाच. बरोबर झालं तर नंतर तू तोंड उघडायचं नाहीस."

"आणि बरोबर नाही झालं तर मी मेन स्विच पाडीन आणि एकेकीला घरी पाठवीन. त्या वेळी तू आडवी यायचं नाहीस."

"नाही येणार."

"शब्द?"

"शब्द."

दिव्या यायला तयार नव्हती. त्या दिवसापासून ती बंद जागेत थांबत नसे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही डबा बाहेर पायरीवर बसून खायची. शेवटच्या गुरुवारी मैत्री तिला शेड दाखवायला घेऊन आली. ती दारातच थांबली. भीमराजने तिला बाहेरूनच वळसा घालून मागच्या गेटाशी नेलं. लोखंडी, दोन झडपांचं गेट, आठ फूट उंच. दोन्ही झडपा सताड उघड्या, खाली दगड लावलेले.

"या गेटापासून दहा पावलांवर उभी राहा," तो म्हणाला. "तिथंच नाच. नाही नाचलीस तरी चालेल. गेट उघडं असणार. हा माझा शब्द."

तिने झडपा बघितल्या, दगड बघितले, मग त्याचा डावा हात बघितला. "येते काका," म्हणाली.

गेटावर बसायला त्याने हिंदुरावला बोलावलं. हिंदुराव साताऱ्याकडचा, तीस वर्षं एका कंपनीत गेटावर वॉचमन. विश्वासाचा. कधी पेंगताना सापडला नाही.

"काय करायचं, सांग," भीमराजने त्याला तीनदा म्हणायला लावलं.

"गेट उघडं ठिवायचं. बाहेरनं कुणी आत यायचं न्हाई. आतल्याला आडवायचं न्हाई. लेका, मी काय पोरगं हाय का?"

फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार. चार वाजता लोक आत सोडले. मैत्रीच्या दहा मैत्रिणी पिवळी जाकिटं घालून उभ्या. पिशव्या बघत होत्या, माणसं मोजत होत्या. अडीचशे झाले की आत सोडणं बंद, एक बाहेर गेला की एक आत. दोन मुलं पिऊन आली होती. त्यांना मैत्रीने स्वतः परत लावलं. "पुढच्या वेळी शुद्धीत या, भावा. नाच आठवला तर पाहिजे ना."

समाधानने गाणं लावलं आणि पाच मिनिटं कुणीच हललं नाही. मग लाइनवरच्या मुलींनी गोल केला. कारखान्यात वायरींचे बोर्ड फिरत राहतात आणि मुली त्यांच्याबरोबर चालत वायरी लावतात. तसाच गोल, तीच पावलं, तेच हात, पण आता हातात वायर नव्हती. कुणीतरी शिट्टी वाजवली. मग शेड भरलं. भीमराजला नाचातलं काही कळत नसे. पण ही माणसं रोज आठ तास उभी राहणारी आहेत असं वाटत नव्हतं, एवढं त्याला दिसलं. दिव्या मागच्या बाजूला होती. गेटाकडे तोंड करून, खांदे नुसते हलवत.

साडेपाचला शेजारच्या फोर्जिंगच्या कारखान्याचा भोंगा झाला. तो कारखाना गुरुवारीही चालतो. भोंगा गाण्याच्याही वर ऐकू आला, पोरांनी त्याच्यावरही ठेका धरला आणि दिव्याही गेटाकडे पाठ करून त्यांच्याकडे बघायला लागली.

पावणेसहाला भीमराजने समाधानला हात केला. गाणं तुटलं. भीमराजने माइक घेतला.

"आग लागलीय असं समजा. चालत बाहेर. पळायचं नाही. निम्मे पुढून, निम्मे मागून. चला."

"ओ काका!" चारी बाजूंनी ओरडा झाला. "सेफ्टी मीटिंग आहे का?"

"सही कुठं करायची?"

"हेल्मेट विसरलो राव!"

हसत, शिव्या देत माणसं हलली. पुढची बाजू भराभर रिकामी झाली. भीमराज घड्याळ बघत होता. चाळीस सेकंद. पन्नास. मागची बाजू हलत नव्हती. मागचे पुढच्यांना रेटत होते, पुढचे थांबले होते. मग पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग बऱ्याच हातांचा.

भीमराज धावला. धावायचं नाही असं स्वतःच सांगितलं होतं, तरी धावला. माणसं बाजूला सारत पुढं गेला.

गेट बंद होतं. दोन्ही झडपा लागलेल्या, मधल्या फटीतून बाहेरची साखळी आणि कुलूप दिसत होतं. दिव्या झडपेला टेकून उभी होती, वाकडा हात छातीशी. तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता.

"हिंदुराव!"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज. किल्ली. साखळी सुटली. झडप उघडली आणि हिंदुराव समोर उभा, किल्ली हातात. तो आधी कुलपाकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत होता.

"कुणी लावलं?"

"म्या... लावलं असंल."

"असंल?"

"भोंगा झाला न्हवं." हिंदुराव म्हणाला. "तीस वर्सं भोंगा झाला की मागलं गेट लावत आलोय. माल भाईर जाऊ नये म्हणून. दगूड मीच काढलं असत्याल. हात गेला असंल. मला ठावं न्हाई, भीमराज. आईशप्पथ मला ठावं न्हाई."

भीमराजचा हात वर गेला होता. तो कसा खाली आला ते त्याला कळलं नाही. अंगात नुसती आग होती. हिंदुराववर, भोंग्यावर, माणसांच्या आधी माल मोजणाऱ्या सगळ्या गेटांवर. तो वळला आणि मेन स्विचकडे चालू लागला. माणसं वाटेतून बाजूला झाली. आता कुणी विनोद करत नव्हतं.

बोर्डाशी मैत्री उभी होती. चेहरा पांढरा पडलेला. ती बाजूला झाली.

"पाड," ती म्हणाली. "शब्द दिलाय मी."

त्याने हँडलला हात घातला.

"काका, बंद करू नका."

दिव्या मागोमाग आली होती. मैत्रीने तिला धरलं.

"अगं, तू कापतेयस," भीमराज म्हणाला. "तुझ्यासाठीच बंद करतोय."

"कापतेच आहे. पण माझ्यासाठी नका करू." दम लागत होता तिला. "मागच्या वेळी सगळे काय बोलले माहितीये? नाचायला गेल्या म्हणून झालं. गेटाचं कुणीच नाही बोललं. तुम्ही आता बंद केलं ना, तर उद्या लाइनवर परत तेच बोलतील. नाचायला गेल्या होत्या, बंद करावं लागलं. चूक गेटाची आहे ना काका? मग गेटाला करा काय करायचं ते."

भीमराज हँडल धरून तसाच उभा राहिला.

तेहेतीस वर्षं त्याने साहेबांना एकच गोष्ट सांगितली होती. हात घालू नको असं कामगाराला सांगून भागत नाही. हात जाणारच नाही असं मशीन करा. सवय झालेला माणूस सांगितलेलं विसरतो. आणि त्याने स्वतः काय केलं? तीस वर्षं गेट लावणारा माणूस गेटावर बसवला, तीनदा पाठ करून घेतलं आणि निश्चिंत झाला. चारनंतर एकदाही मागं जाऊन बघितलं नाही. सुपरवायझरनं केलं होतं ते यापेक्षा किती वेगळं होतं?

त्याने हँडल सोडलं. माइक घेतला.

"चूक माझी आहे. हिंदुरावची नंतर, आधी माझी. अर्धा तास द्या. समाधान, टेम्पोतला जॅक आण. पहार आण. डिझेल आण कपभर."

"काय करताय काका?"

"गेट उतरवतोय."

वरच्या बिजागरीवर एक लोखंडी तुकडा वेल्ड केलेला होता, गेट कुणी उचलून नेऊ नये म्हणून. ग्राइंडर होता, पण भीमराजने तो नको म्हटलं, ठिणग्या नकोत. छिन्नी लावली आणि हातोडा घातला. तीन बोटांच्या हाताने छिन्नी धरायची आणि पाच बोटांच्या हाताने मारायचं. एका पोराने "द्या काका, मी मारतो," म्हटलं. चार घाव घातले, चारही वाकडे. भीमराजने हातोडा परत घेतला. "बघ नुसतं. घाव एकाच जागी पडला पाहिजे, नाहीतर नुसता घाम." एकविसाव्या घावाला तुकडा उडाला. खालची बिजागरी गंजली होती, तिच्यात डिझेल सोडलं, झडपेखाली जॅक लावला, पहार घातली. करकरत झडप एक बोट वर आली.

"धरा. पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा. तू, पायाचा अंगठा आत घे."

चार मुली आणि चार मुलं लागली. एका कोपऱ्याला हिंदुराव येऊन उभा राहिला. भीमराजने त्याच्याकडे बघितलं नाही, पण कोपरा सोडायलाही सांगितलं नाही. एक झडप भिंतीलगत आडवी ठेवली. मग दुसरी. दुसरीवर साखळी आणि कुलूप तसंच लटकत होतं.

मागच्या भिंतीत आता दहा फुटांचं भगदाड होतं. वारं थेट आत येत होतं.

"चला," मैत्री ओरडली. "समाधान, लाव!"

"थांब," भीमराज म्हणाला. "दोन गाणी. मग कवायत परत."

"मामा!"

"पहिली कुठं झाली?"

दोन गाणी झाली, तिसरं तुटलं. या वेळी ओरडा झाला नाही. अडीचशे माणसं दोन बाजूंनी बाहेर गेली. भीमराजने घड्याळ बघितलं. एक मिनिट पन्नास. त्याने ते कुठल्या रजिस्टरात लिहिलं नाही.

"आता तोंड बंद," मैत्री म्हणाली.

"बंद."

आठपर्यंत तो भिंतीलगतच्या त्या झडपेवर बसून राहिला. दिव्या पाऊणएक तास दहा पावलांवरच होती. मग मुलींचा गोल फिरत आला आणि ती त्यात गेली. गोल फिरून पुढच्या दाराजवळ गेला, परत आला, परत गेला. वाकडा हात तिने वर केला होता, जितका जाईल तितका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीरामशेठचा फोन. "भीमराज, माझं गेट कुठंय? काय तमाशा आहे हा?"

"भिंतीला आहे. आज बसवतो."

तो पोचला तेव्हा हिंदुराव आधीच आलेला होता. दोन्ही बिजागऱ्या घासून स्वच्छ केलेल्या, ग्रीस भरलेलं. भीमराजने बोट फिरवून बघितलं. ग्रीस व्यवस्थित होतं, कोपऱ्यापर्यंत. त्याचाही त्याला राग आला. काल नीट केलं असतं तर.

दोघांनी आणि शेजारच्या कारखान्यातल्या चौघांनी मिळून झडपा चढवल्या. वरचा उडवलेला तुकडा हिंदुरावने शोधून आणला होता. "ह्ये वेल्ड मारून बसवाया पायजे न्हवं?"

भीमराजने खिशातून एक खीळ काढली. टोकाला कडी असलेली, हाताने ओढली की निघणारी. बिजागरीत बसवली, ओढून बघितली, परत बसवली. सहा माणसं आता एका मिनिटात झडप उतरवू शकत होती, छिन्नीशिवाय.

"शेठ वरडंल," हिंदुराव म्हणाला.

"ओरडू दे. तू इकडं ये. खीळ काढ."

हिंदुरावने काढली.

"बसव."

बसवली.

"परत काढ."

"लेका, किती येळा?"

"हाताला सवय लागेपर्यंत," भीमराज म्हणाला आणि घड्याळ लावलं.